रिमिक्सच्या वाटेने निर्मितीकडे: स्टुअर्ट प्राइस यांची कारकीर्द

घरी लॅपटॉपवर चार वर्षे रिमिक्स करणाऱ्या एका तरुण मित्राने विचारलेला प्रश्न असा: ब्रिटिश निर्माते स्टुअर्ट प्राइस मुळात रिमिक्ससाठी ओळखले जात होते, मग ते मॅडोना, द किलर्स आणि पेट शॉप बॉइज यांच्यासारख्या कलाकारांचे निर्माते कसे झाले, आणि आपल्यालाही निर्माता व्हायचे असेल तर रिमिक्स सोडून स्वतःची गाणी करायला लागावे का? मी बावीस वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचे काम करतो आहे आणि प्राइस यांचे काम त्यातली बरीच वर्षे जवळून ऐकत आलो आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. प्राइस यांनी रिमिक्स सोडून निर्मिती धरली असे घडलेच नाही. गायकाचा आवाज आहे तसा ठेवायचा आणि त्याच्या भोवतीचे सगळे संगीत नव्याने उभे करायचे, हे जे काम ते रिमिक्समध्ये करत होते, तेच त्यांनी पुढे निर्माता म्हणून केले आणि आजही करत आहेत.

आधी दोन शब्दांचा घोळ दूर करायला हवा. आपल्याकडे ‘निर्माता’ म्हटले की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनच्या संगीतव्यवसायात प्रोड्यूसर म्हणजे ध्वनिमुद्रणाचे अंतिम रूप ठरवणारा माणूस. गाणे कोणत्या पट्टीत आणि कोणत्या लयीत घ्यायचे, कोणती वाद्ये वाजवायची, गायकाकडून एकच ओळ किती वेळा गाऊन घ्यायची आणि शेवटी त्यातले काय काढून टाकायचे, हे सगळे तो ठरवतो. आपल्या जुन्या चित्रपटसंगीतात जे काम संगीतकार, संयोजक आणि ध्वनिमुद्रक या तिघांत वाटलेले असे, त्याचा बराचसा भाग तिथे या एकाच माणसाकडे असतो. दुसरा शब्द ‘रिमिक्स’. दोन हजार सालानंतर आपल्याकडे त्याचा अर्थ झाला तो जुने गाणे नव्या गायिकेकडून गाऊन घेऊन त्याखाली ठेका टाकणे असा. कायद्याच्या दृष्टीने ते नवे व्हर्शन असते, आणि कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपून पाच वर्षे उलटल्याशिवाय परवान्यानेही ते करता येत नाही. प्राइस यांचे रिमिक्स या प्रकारचे नाही. तिथे रेकॉर्ड कंपनी स्वतःच बोलावून काम देते आणि मूळ मल्टिट्रॅकमधले, म्हणजे प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळा ठेवलेल्या ध्वनिमुद्रणातले, सुटे भाग, ज्यांना आपण स्टेम म्हणतो, हातात ठेवते. गायक तोच असतो आणि आवाजही त्याच दिवशी, त्याच मायक्रोफोनसमोर लागलेला असतो.

प्राइस यांचा जन्म १९७७ चा. ते लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग शहरात, पियानो आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या घरात वाढले. पुढचे सगळे समजून घेताना ही गोष्ट विसरू नये, कारण त्यांच्या कामात ठेक्याइतकाच, किंबहुना ठेक्याहून अधिक, कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, विचार दिसतो आणि तो बोटांत असल्याशिवाय येत नाही. रेडिंगच्याच जॉनी आणि ॲडम ब्लेक या भावांबरोबर त्यांनी झूट वुमन हा गट काढला, आणि त्याच सुमारास, विशी गाठण्याआधीच, लंडनच्या वॉल ऑफ साउंड या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘ले रिदम डिजिटाल’ या नावाने १९९६ मध्ये पहिला अल्बम केला. त्या काळी पॅरिसच्या हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताची मोठी लाट होती. प्राइस यांनी ‘जाक लू काँ’ हे नाव घेतले आणि काही काळ आपण फ्रेंच असल्याचे भासवले. १९९९ च्या ‘डार्कडान्सर’ या दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी ऐंशीच्या दशकातले सिंथपॉप, म्हणजे सिंथसायझरवर उभे असलेले पॉप, उघडपणे परत आणले. निक कर्शॉ आणि शॅनन हे त्याच दशकातले गायक त्यात आहेत. त्या सुमारास ऐंशीच्या दशकाचे नाव घेणेही जुनाट समजले जाई, आणि अल्बम फार खपलाही नाही. पण त्यातलाच एक ट्रॅक सिट्रोएनच्या नाचणाऱ्या मोटारीच्या जाहिरातीत वाजला आणि २००५ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोहोचला. तोवर सगळ्या पॉप संगीताचाच कल ऐंशीच्या दशकाकडे झुकला होता.

नावांबद्दल थोडे सांगतो, कारण नवख्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. जाक लू काँ, थिन व्हाइट ड्यूक आणि ट्राक्स ही सगळी प्राइस यांचीच नावे आहेत. यातले थिन व्हाइट ड्यूक हे मुळात डेव्हिड बोवी यांनी १९७६ च्या सुमारास रंगमंचावर उभ्या केलेल्या पात्राचे नाव. माझ्या मते या नावांमागे केवळ हौस नव्हती. नाव बदलले की ऐकणाऱ्याची अपेक्षा बदलते, आणि एकाच माणसाला दोन-तीन निरनिराळ्या शैलींत काम करता येते. थिन व्हाइट ड्यूक या नावाचे रिमिक्स मात्र लवकरच ओळखू येऊ लागले: लांबलचक, हळूहळू उलगडणारे, सप्तकाच्या उड्या मारणारी बेसलाइन आणि वर सतत फिरणारे सिंथचे आर्पेजिओ, म्हणजे एकेक करून वाजणारे कॉर्डचे सूर.

आता मुख्य मुद्दा. द किलर्स या अमेरिकन रॉक गटाच्या ‘मिस्टर ब्राइटसाइड’ या गाण्याचा त्यांनी केलेला थिन व्हाइट ड्यूक रिमिक्स चांगल्या हेडफोनवर ऐका. मूळ गाणे पावणेचार मिनिटांच्या आतले, गिटारचे आणि धावते. रिमिक्स जवळजवळ नऊ मिनिटांचा आहे. गायन सुरू होण्याआधी बराच वेळ नुसती वाद्यांची उभारणी चालते, आणि मग गायक येतो तो पूर्ण कडवे घेऊन. त्या काळातले बहुतेक क्लब-रिमिक्स काढून पाहिले तर गाण्यातला एखादा शब्द तोडून तोच पन्नास वेळा वाजवलेला असतो आणि मूळ गाणे कुठे गेले ते कळत नाही. प्राइस गाणे तोडत नाहीत. कडवे, त्याला चढवत नेणारी मधली ओळ आणि ध्रुवपद हा क्रम ते जपतात, आणि त्याखालची कॉर्डची चाल बदलून त्याच शब्दांना वेगळा भाव देतात.

हे कसे होते ते पेटीवरसुद्धा करून पाहता येईल. समजा गायिका पांढरी एकचा सूर धरून उभी आहे. त्याखाली सी मेजर वाजवले तर तो सूर कॉर्डचा पाया असतो आणि गाणे घरी आल्यासारखे वाटते. तोच सूर तसाच राहू द्या आणि खाली ए मायनर वाजवा. आता तो कॉर्डमधला कोमल गंधार झाला, आणि त्याच शब्दांत हुरहूर उतरली. खाली एफ मेजर वाजवले तर तोच सूर पंचम होतो आणि आवाज मोकळ्यावर आल्यासारखा वाटतो. गायिकेने काहीही वेगळे गायलेले नाही. रिमिक्स करणाऱ्याची खरी विद्या ही आहे. तिला सॉफ्टवेअर लागत नाही, कान लागतो.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. उमेदवारीच्या काळात एका जाहिरातीसाठी एका भावगीताचे नवे रूप करायचे काम माझ्याकडे आले होते. मूळ आवाज सुटा मिळाला होता. मी दोन दिवस ढोल, क्लॅप आणि बेस यांवर घालवले, खाली चार आकर्षक कॉर्ड लावल्या आणि खुशीत ऐकवायला नेले. गायिकेने अंतऱ्यात शुद्ध निषाद लावला होता आणि माझी कॉर्ड तिथे कोमल निषाद वाजवत होती. दोन्ही सूर अर्ध्या स्वराच्या अंतराने एकमेकांवर घासत होते आणि ठेक्याच्या दणक्यात मला ते ऐकूही आले नव्हते. खोलीत बसलेल्या वयस्कर व्हायोलिनवादकांनी फक्त एवढेच विचारले, “बाई काय गातात ते ऐकलंत का हो?” ते काम माझ्याकडून काढून घेतले गेले आणि ते योग्यच झाले. त्यानंतर आजतागायत मी कोणतेही काम सुरू करताना पहिला दिवस फक्त आवाज ऐकतो, त्यातले श्वास, हेडफोनमधून मायक्रोफोनमध्ये झिरपलेला मूळ ठेका, ओळीच्या शेवटी किंचित उतरणारा सूर, सगळे. प्राइस यांचे रिमिक्स ऐकताना जाणवते की या माणसाने आवाज आधी पुरता ऐकलेला आहे.

लयीचा प्रश्नही यातच येतो. शंभर बीपीएमचे (मिनिटाला शंभर ठोके) गाणे १२५ वर न्यायचे तर आवाज मूळ लांबीच्या पाचव्या हिश्शाने आखडावा लागतो. त्याहून जास्त ताणले किंवा आखडले की ‘स’ आणि ‘श’ चिरकतात, लांब स्वरांना थरथर येते आणि गायक माणूस न वाटता यंत्र वाटू लागतो. म्हणून गाणे कोणत्या वेगावर न्यायचे हे क्लबमधल्या चलनापेक्षा त्या आवाजाला काय सोसते यावर ठरवावे लागते.

या कामाची दखल रीतसर घेतली गेली. नो डाउट या गटाने टॉक टॉक यांचे १९८४ चे ‘इट्स माय लाइफ’ हे गाणे नव्याने गायले होते, त्याच्या रिमिक्सला २००५ मध्ये ग्रॅमी मिळाला, आणि कोल्डप्लेच्या ‘टॉक’ च्या रिमिक्सला २००७ मध्ये. पण पुरस्कारांहून मला बोलका वाटतो तो डेपेश मोड या ब्रिटिश गटाचा प्रसंग. त्यांच्या २००५ च्या ‘अ पेन दॅट आय’म यूज्ड टू’ या गाण्याचा प्राइस यांनी रिमिक्स केला होता. २०१३ च्या दौऱ्यात त्या गटाने हे गाणे रंगमंचावर घेतले, ते स्वतःच्या मूळ मांडणीत न घेता प्राइस यांच्या रिमिक्सच्या मांडणीत. रचनाकारांनीच रिमिक्स आपला मानला.

मॅडोना यांच्याकडे प्राइस गेले ते २००१ च्या ‘ड्राउन्ड वर्ल्ड’ दौऱ्यात, कीबोर्डवादक आणि संगीत दिग्दर्शक म्हणून. दौऱ्याच्या संगीत दिग्दर्शकाचे काम म्हणजे वीस वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी केलेली गाणी एका संध्याकाळच्या आवाजात बसवणे, म्हणजे एका अर्थी दोन तासांचा रिमिक्सच. २००३ च्या ‘अमेरिकन लाइफ’ मध्ये ‘एक्स-स्टॅटिक प्रोसेस’ हे गिटारवरचे शांत गाणे दोघांनी मिळून लिहिले आणि २००४ च्या ‘रिइन्व्हेन्शन’ दौऱ्याची जबाबदारीही प्राइस यांच्याकडे होती. मॅडोना यांच्यापुरती ही वाट आधीच पडलेली होती. विल्यम ऑर्बिट या ब्रिटिश संगीतकाराने त्यांच्या गाण्यांचे रिमिक्स केल्यानंतर पुढे १९९८ चा ‘रे ऑफ लाइट’ केला होता. तरीही चार वर्षे शेजारी उभे राहून वाजवल्यानंतर अल्बम मिळणे आणि एक रिमिक्स ऐकून मिळणे यांत फरक आहे. प्राइस यांना अल्बम मिळाला तो विश्वासाने, आणि तो विश्वास रोजच्या तालमीत कमावलेला होता.

‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ हा अल्बम नोव्हेंबर २००५ मध्ये आला. त्याचे बरेचसे काम लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या प्राइस यांच्या घरी, माळ्यावरच्या छोट्याशा स्टुडिओत झाले. जगातला कोणताही स्टुडिओ ज्यांना सहज मिळाला असता त्या मॅडोना तिथे जिना चढून गायला येत. घरी स्टुडिओ असलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, पण अर्धेच नव्हे, पुरते. घरी गाणी घडली, आवाज मुद्रित झाले. अंतिम मिक्सिंग स्पाइक स्टेंट या कसलेल्या मिक्स इंजिनिअरने केले. आपण काय उत्तम करतो आणि कोणते काम दुसऱ्याच्या हाती द्यावे, हे कळणे निर्मात्याच्या कामाचा मोठा भाग आहे. आणखी एक पद्धत मला फार आवडते. अल्बमचे काम चालू असताना प्राइस स्वतः रात्री क्लबमध्ये डीजे म्हणून वाजवत. तिथे ते अर्धवट तयार गाण्यांची गायनाविना रूपे गुपचूप वाजवून पाहत, समोरच्या गर्दीचे चित्रण करत आणि दुसऱ्या दिवशी ते मॅडोना यांना दाखवत. कोणाचे गाणे आहे हे माहीत नसलेली माणसे त्यावर नाचतात की बारकडे वळतात, याहून खरी परीक्षा दुसरी नाही.

‘हंग अप’ हे त्यातले पहिले गाणे लयीला १२५ बीपीएम आहे. घड्याळाच्या टिकटिकीने ते सुरू होते. मग ॲबा या स्वीडिश गटाच्या १९७९ च्या ‘गिमी! गिमी! गिमी!’ मधली सुरावट फिल्टरमागून, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण भाग कापून, भिंतीपलीकडच्या खोलीत वाजावी तशी ऐकू येते, आणि फिल्टर जसजसा उघडतो तसतशी ती खोलीत येत जाते. ॲबाचे बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्वेउस सॅम्पल, म्हणजे आपल्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा, वापरायला सहसा परवानगी देत नसत. त्याआधी ती फ्यूजीस या अमेरिकन हिपहॉप गटाला मिळाली होती. मॅडोना यांनी स्वतः पत्र लिहून माणूस स्टॉकहोमला पाठवला, तेव्हा ती मिळाली आणि त्या दोघांची नावे गीतकारांत लागली. अल्बममधली बाराही गाणी मध्ये न थांबता एकातून दुसऱ्यात जातात. हीही क्लबमध्ये उभे राहून शिकलेली गोष्ट आहे: पहिल्या गाण्याची शेवटची कॉर्ड आणि दुसऱ्याची पहिली कॉर्ड एकमेकींना सांधता आल्या पाहिजेत, म्हणजेच गाण्यांच्या पट्ट्यांचा क्रम आधीच ठरवावा लागतो. २००७ मध्ये या अल्बमला इलेक्ट्रॉनिक/डान्स विभागातला ग्रॅमी मिळाला.

त्यानंतरची कामे भराभर सांगतो. ज्या द किलर्सचे त्यांनी रिमिक्स केले होते, त्यांनीच २००८ चा ‘डे अँड एज’ त्यांच्याकडे दिला आणि ‘ह्यूमन’ हे गाणे त्यातलेच. २०१० या एकाच वर्षी सिझर सिस्टर्सचा ‘नाइट वर्क’, कायली मिनोग यांचा ‘ॲफ्रोडाइटी’ आणि टेक दॅटचा ‘प्रोग्रेस’ असे तीन अल्बम आले. रॉबी विल्यम्स परतल्यामुळे गाजलेल्या ‘प्रोग्रेस’ च्या ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘ॲफ्रोडाइटी’ मध्ये ते कार्यकारी निर्माता होते, म्हणजे अनेक लोकांनी केलेली गाणी एका अल्बमसारखी वाटावीत ही जबाबदारी त्यांची. पेट शॉप बॉइजबरोबर २०१३, २०१६ आणि २०२० असे तीन अल्बम झाले, त्यातल्या ‘हॉटस्पॉट’ चे बरेच काम बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाले. डुआ लिपा यांच्या ‘लेव्हिटेटिंग’ चे ते सहनिर्माते आहेत. २०२१ च्या बिलबोर्डच्या वार्षिक यादीत ते अमेरिकेतले पहिल्या क्रमांकाचे गाणे होते.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण रिमिक्स सोडावे का, हे विचारण्यामागे तेही असतेच. ब्रिटनमध्ये रिमिक्स करणाऱ्याला सहसा एकरकमी मानधन मिळते आणि रचनेच्या हक्कात वाटा मिळत नाही. तुम्ही खालची प्रत्येक कॉर्ड बदलली तरी गाणे कायद्याने ज्याचे त्याचेच राहते. निर्मात्याला आगाऊ रकमेशिवाय विक्रीतून काही टक्के मिळतात, साधारण तीन ते पाच, आणि गाणे लिहिण्यात हात असेल तर गीतकाराचा वाटा वेगळा. म्हणून रिमिक्सवर आयुष्यभर घर चालवणे अवघड जाते. मला वाटते, प्राइस यांनी ते कमाईपेक्षा ओळख आणि अभ्यास म्हणून पाहिले असावे, कारण ज्यांचे रिमिक्स केले त्यांच्यातले काही पुढे अल्बम घेऊन त्यांच्याकडे आलेले दिसतात.

२०२३ च्या ‘सेलिब्रेशन’ दौऱ्यासाठी मॅडोना यांनी पुन्हा प्राइस यांनाच संगीत दिग्दर्शक म्हणून बोलावले. या वेळी रंगमंचावर नेहमीचा वाद्यवृंद नव्हता. चाळीस वर्षांच्या मूळ मल्टिट्रॅकवरून कार्यक्रम बांधला गेला, म्हणजे जुने स्टेम उघडायचे, त्यातला आवाज आणि ओळखीची वाद्ये ठेवायची आणि बाकीचे आजच्या ध्वनियंत्रणेला साजेसे नव्याने उभारायचे. लंडनमध्ये सुरू झालेला हा दौरा ४ मे २०२४ रोजी रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर संपला, तेव्हा समोर सुमारे सोळा लाख माणसे होती. पंचवीस वर्षांपूर्वी रिमिक्ससाठी जे काम ते करत होते तेच इथे होते.

तेव्हा तुम्ही रिमिक्स सोडू नका, पण करण्याची रीत बदला. ओळखीच्या गायिकेकडून चार मिनिटांचे एक गाणे फक्त तानपुऱ्यावर किंवा मेट्रोनोमवर गाऊन घ्या आणि तिची परवानगी घेऊन तो सुटा आवाज संगणकावर ठेवा. पहिले तीन दिवस ठेका लावायचाच नाही. पेटी किंवा कीबोर्ड घेऊन प्रत्येक ओळीखाली तीन वेगवेगळ्या कॉर्डच्या चाली बसवा आणि कोणत्या चालीत शब्दांचा अर्थ कसा बदलतो ते वहीत लिहून काढा. चौथ्या दिवशी त्यातली एक चाल निवडून बेसलाइन करा, आणि ठेका सगळ्यांत शेवटी. झाले की ते त्या गायिकेलाच आधी ऐकवा आणि ऐकताना तिचा चेहरा पाहा. कुठल्या ओळीला ती दचकते ते टिपून ठेवा, आणि त्या ओळीखालची कॉर्ड पुन्हा तपासा.